आयर्विनची पातळी आणि पाच रुपयांचा अंक

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला वर्तमानपत्र कशासाठी लागते, हे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कळते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती झाली, कोयनेतून किती पाणी सोडले आणि पाऊस धरणांच्या पाणलोटात पडतो आहे की नुसताच शहरात, एवढ्या तीन गोष्टी सकाळच्या चहाबरोबर नीट समजल्या, तर खालच्या खोलीतले धान्याचे डबे आज माळ्यावर चढवायचे की उद्या, हे ठरवता येते. आमच्या घरी एक स्थानिक दैनिक गेली २६ वर्षे येते. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण माझे जे म्हणणे आहे ते त्याच्या दोन-तीन भावंडांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल असा माझा समज आहे. गेल्या तीन पावसाळ्यांचे अंक मी रद्दीत न घालता बाजूला ठेवले, त्यांतल्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि त्यावरून हे परीक्षण लिहिले आहे. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. चुकलेली बेरीज दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, त्याला इलाज नाही.

आधी पाणीपातळीचेच पाहू. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले होते, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. पातळी फूट आणि इंचांत मोजली जाते. प्रशासनाकडून येणाऱ्या संदेशातही ती तशीच असते. आमच्या दैनिकात मात्र फूट आणि इंच यांच्यामध्ये एक टिंब देण्याची पद्धत कधीतरी पडली, आणि ४१ फूट ९ इंच याचे ४१.९ फूट झाले. येथवर चूक असली तरी वाचक ती सांभाळून घेतो. परंतु एका जुलैमध्ये दुपारी ४१ फूट ९ इंच असलेली पातळी रात्री ४१ फूट १० इंच झाली, दैनिकाने ती ४१.१० अशी छापली, आणि ज्या कोणी उपसंपादकाने पान लावले त्याने दोन्ही आकडे दशांशात वाचून ‘कृष्णेची पातळी पाऊण फुटाने उतरली, सांगलीकरांना दिलासा’ असा तीन कॉलमी मथळा दिला. नदी एक इंचाने चढली होती. आमच्या शेजारच्या वहिनींनी तो मथळा वाचून आदल्या दिवशी माळ्यावर चढवलेल्या गाद्या पुन्हा खाली घेतल्या. त्या वर्षी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले, म्हणून निभावले.

या चुकीचा मला राग आला तो त्या एका मथळ्यामुळे नव्हे. इंच बारा असतात आणि दशांश दहा, हे माहीत नसलेला माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत असेल असे मी मानत नाही. ज्या बातमीवर शेकडो घरांची सामानाची हलवाहलव अवलंबून आहे, ती बातमी छपाईला जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यांखालून गेली नाही, ही खरी गोष्ट आहे. त्याच पानावर, त्या मथळ्याच्या खाली, नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर भागातून कुटुंबांचे स्थलांतर सुरू असल्याची बातमी होती. पाणी उतरत असताना लोक घरे सोडून का निघाले आहेत, हा प्रश्न पान वाचणाऱ्या कोणालाही पडला असता. पान लावणाऱ्याला पडला नाही.

पातळीच्या आकड्याबरोबर वेळ न छापणे हा याच दुखण्याचा दुसरा भाग. शहर आवृत्ती रात्री उशिरा छापली जाते आणि पलूस, तासगाव, शिराळ्याकडे जाणारी डाक आवृत्ती तिच्या बरीच आधी निघते. म्हणजे खेड्यातल्या वाचकाच्या हातात सकाळी सात वाजता जो आकडा पडतो, तो आदल्या संध्याकाळचा असतो. चढत्या पुरात बारा तासांत पाणी कुठल्या कुठे जाते. आकड्यापुढे ‘सायंकाळी ६ वाजता’ एवढे तीन शब्द छापण्याला शाई फारशी लागत नाही. जाहिरातीत दुकानाची वेळ न चुकता छापणाऱ्या दैनिकाला नदीची वेळ छापण्याची सवय का नसावी, हे मला समजलेले नाही.

धरणांच्या बातम्यांत गोंधळ याहून मोठा आहे, कारण तेथे दोन परिमाणे एकमेकांत मिसळली जातात. क्युसेक हा वाहत्या पाण्याचा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी हा साठलेल्या पाण्याचा आकार आहे, एक अब्ज घनफूट. नळाची धार आणि बादलीतले पाणी यांत जो फरक, तोच येथे. सेकंदाला ११,५७४ घनफूट पाणी अखंड चोवीस तास सोडले तर एक टीएमसी पाणी बाहेर पडते, हे एकदा कागदावर मांडून भिंतीला चिकटवले की सारा पावसाळा निर्धास्त जातो. आमच्या दैनिकाने ‘कोयनेतून ५० हजार टीएमसी विसर्ग’ असे पहिल्या पानावर छापले. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. म्हणजे त्या मथळ्याप्रमाणे कोयनेचा शिवसागर जलाशय पावणेपाचशे वेळा काठोकाठ भरून रिकामा झाला होता, आणि तरीही आम्ही सारे जिवंत राहून अंक वाचत होतो. तेथे ५० हजार क्युसेक हवे होते, म्हणजे दिवसाला सव्वाचार टीएमसीहून थोडे अधिक. आतल्या पानावरच्या बातमीत ते बरोबर होते, एवढे श्रेय वार्ताहराला दिले पाहिजे. चूक मथळा देणाऱ्या टेबलावर झाली होती.

हसण्यावारी नेण्याजोगी नसलेली चूक वेगळीच आहे, आणि ती बहुतेक वाचकांच्या लक्षातही येत नाही. धरणात ८५ टीएमसी पाणी झाले की दैनिक ‘कोयना ८५ टक्के भरले’ असे लिहिते, कारण क्षमता शंभराच्या जवळ असल्यामुळे टीएमसी आणि टक्के सारखेच वाटतात. प्रत्यक्षात ते ८१ टक्क्यांच्या आत असते. चार टक्के म्हणजे कोयनेत चार टीएमसीहून अधिक मोकळी जागा, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दरवाजे किती उघडावेत याची सारी चर्चा अशाच मोकळ्या जागेवर चाललेली असते. ज्या शहरात धरणाचे पाणी आधी सोडले की उशिरा, यावर चहाच्या गाड्यावर भांडणे होतात, त्या शहराला एवढा हिशेब तरी नीट मिळावा.

भूगोलाविषयीही तेच. चांदोली धरणातून विसर्ग वाढवला की ‘आयर्विनवर पाणी येणार’ अशी बातमी ठरलेली. चांदोलीचे पाणी वारणेतून येते आणि वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरच्या संगमावर, म्हणजे सांगली शहराच्या खाली. वारणा फुगली तर कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ते मागे तुंबते, ही गोष्ट खरी. पण वरून येणारे पाणी आणि खालून तुंबणारे पाणी या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दोन्हींसाठी वेगळी तयारी लागते. हरिपूरला दर श्रावणात जाणाऱ्या सांगलीकराला हे सांगावे लागत नाही. जिल्हा कचेरी सांगलीतच असलेल्या दैनिकाला सांगावे लागावे, याचा खेद वाटतो.

अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेले धरण; त्याच्याविषयी लिहिताना तर दैनिकाचा ताबाच सुटतो. हा विषय येथे भावनेचा आहे आणि ते स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये ज्यांची घरे आठ-आठ दिवस पाण्यात होती, त्यांना कारण हवे आहे. त्या पुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने २०२० मध्ये अहवाल दिला आणि त्या पुराचे कारण अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबून वर चढणारे पाणी, नसल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष पटत नाही असे म्हणणारे जाणकार सांगली-कोल्हापुरात आहेत, आणि त्यांचे मुद्दे ऐकण्याजोगे आहेत. स्थानिक दैनिकाचे काम या दोन्ही बाजू कागदपत्रांसह मांडण्याचे होते. आमच्या दैनिकात मात्र ज्या दिवशी जो नेता बोलतो, त्या दिवशी ते सत्य असते. एका सोमवारी अलमट्टी दोषी, गुरुवारी निर्दोष, आणि दोन्ही बातम्यांना ‘विशेष प्रतिनिधी’ हीच सही. कृष्णा पाणी तंटा लवादाने धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कर्नाटकाला मुभा दिली, ती २०१० मध्ये. मुभा मिळणे आणि पाणी तेवढे अडवले जाणे यांच्यामध्ये न्यायालय, अधिसूचना, भूसंपादन आणि पुनर्वसन एवढे सारे उभे आहे. ‘अलमट्टीची उंची वाढली’ हा मथळा मी या दैनिकात वेगवेगळ्या वर्षी तीनदा वाचला आहे. एकदा तर मीटरच्या जागी फूट होते, म्हणजे धरण कमी होऊन एक तृतीयांशाहून खाली आले होते.

छायाचित्रांचे एक उदाहरण पुरेसे आहे. गेल्या पावसाळ्यात ‘शहरात पाणी शिरण्यास सुरुवात’ या मथळ्याखाली कमरेइतक्या पाण्यातून जाणाऱ्या दोन माणसांचे छायाचित्र छापले गेले. त्यांच्या मागे औषधाच्या एका दुकानाची पाटी स्पष्ट दिसत होती. त्या दुकानदाराने २०२१ च्या पुरानंतर ती जागा सोडली आणि तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे; मी रोज त्याच्यासमोरून जातो. छायाचित्राखाली ‘संग्रहित’ हा शब्द नव्हता. त्या दिवशी पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, आईला घेऊन तिकडे या म्हणून. तिने ई-पेपर पाहिला होता. मी खिडकीतून कोरडा रस्ता पाहत तिची समजूत काढत होतो.

बाजारभावाच्या पानाविषयी शेतकऱ्यांची तक्रार माझ्यापेक्षा मोठी आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून हळदीच्या सौद्यांना बातमीचे मोल आले. ज्या दिवशी मालाच्या एखाद्या ढिगाला चढा दर मिळतो, त्या दिवशी तोच दर मथळ्यात येतो. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, आणि ज्याच्या घरी वीस पोती हळद आहे त्याला त्यांतला तिसरा दर हवा असतो. मुहूर्ताच्या सौद्यात पाच-दहा पोत्यांना हौसेने लागलेला दर वाचून माझा एक नातेवाईक गावाकडून टेम्पो भरून आला होता. त्याच्या मालाला मिळालेला दर सर्वसाधारण दराच्या आसपासच होता, म्हणजे योग्यच होता. पण अडत्याने आपल्याला फसवले हे त्याच्या मनातून आजही गेलेले नाही. अडत्याचा त्यात काहीही दोष नव्हता.

गुन्हे वार्तांविषयी थोडक्यात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी त्यानंतर घडलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्यांना आमच्या दैनिकात अनेक महिने भारतीय दंडविधानाचे ४२० कलमच लागत होते. ही सवयीची चूक म्हणून सोडून देता येईल. अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या बातमीत तिचे नाव न देता गाव, इयत्ता आणि वडिलांचा धंदा देणे मात्र सोडून देता येणार नाही, कारण दोन हजार वस्तीच्या गावात एवढ्यावरून ओळख पटायला वेळ लागत नाही. पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमाने नुसते नाव नव्हे, कुटुंब, शाळा, शेजार असा ओळख उघड करणारा सर्वच तपशील छापण्यास मनाई केली आहे. ही बातमी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला ती मुलगी कोण हे कळले. तिच्या गावात किती जणांना कळले असेल, याचा हिशेब मी केला नाही.

आता चांगल्याविषयी लिहिले नाही तर अन्याय होईल. नाटकांच्या बातम्या हे दैनिक मनापासून देते. भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगाच्या बातमीत प्रकाशयोजनाकाराचे आणि रंगभूषाकाराचे नावही बिनचूक असते, ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाची पुरवणी जपून ठेवण्यासारखी असते, आणि त्या पानावर मला आजवर पेन्सिल लावावी लागलेली नाही. तेथे कोणीतरी माणूस बसलेला आहे ज्याला आपल्या विषयाची लाज वाटते, चांगल्या अर्थाने. वीज आणि पाणी बंद असल्याच्या सूचना वेळेवर येतात. कागद बरा आहे, अक्षर मोठे आहे, माझ्या आईला चष्म्याशिवाय मथळे वाचता येतात.

आई रोज प्रथम निधनवार्तेचे पान उघडते, आणि याच पानावर घडलेली एक चूक आमच्या घरात अजून बोलली जाते. नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनाची वार्ता आम्ही स्वतः कचेरीत लिहून दिली होती. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता होते. छापून आले बुधवारी. मंगळवारी घाटावर घरची अकरा माणसे होती. बुधवारी सकाळी त्यांच्या कारखान्यातले चाळीसएक जुने सहकारी, काही तर इस्लामपूरहून एसटीने आलेले, पांढऱ्या टोप्या घालून घाटावर उभे होते आणि तेथे कोणी नव्हते. मी दैनिकाच्या कचेरीत जाऊन लिहून दिलेल्या कागदाची प्रत दाखवली. समोरच्या तरुणाने ती वाचली, मान हलवली आणि म्हणाला, “काका, आता ते होऊन गेलंय की.” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा खुलासा छापता येतो, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

या दैनिकावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. चुका होतात, रात्री अकराला शेवटचे पान सोडताना त्या होणारच. वार्ताहरांच्या अडचणीही मला ठाऊक आहेत. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन सांगायला संकोच वाटावा इतके असते, घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर, आणि ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरायची त्याच्याच बंधाऱ्याच्या कामाविषयी प्रश्न विचारायचे, ही कसरत त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर आलेली प्रेसनोट शीर्षक बदलून छापली गेली तर मी एकट्या वार्ताहराला दोष देणार नाही. परंतु चूक कळल्यानंतर ती कबूल करण्यास पैसे लागत नाहीत. तीन पावसाळ्यांच्या अंकांत मला चुकीची दुरुस्ती म्हणून छापलेला मजकूर एकदाच सापडला, तोही एका जाहिरातदाराच्या दूरध्वनी क्रमांकाचा. पातळी पाऊण फुटाने उतरल्याची बातमी ई-पेपरमध्ये दुपारपर्यंत गुपचूप बदलली गेली. छापील अंक घेणाऱ्याला ते कधी कळलेच नाही. चूक झाल्यास ती ठळकपणे आणि तातडीने दुरुस्त करावी, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे संकेत सांगतात. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही, ती ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. तिच्याकडे जाण्याआधी संपादकांना पत्र लिहावे लागते आणि दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीनंतर दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. जाता जाता सांगतो, अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी जी बारीक ओळ असते, तिच्यात संपादकीय जबाबदारी अजूनही ‘पीआरबी कायद्यानुसार’ आहे. तो १८६७ चा वृत्तपत्रे व पुस्तके नोंदणीचा कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे.

मी संपादकांना पत्र लिहिले. त्यात फूट-इंचांचा आणि क्युसेक-टीएमसीचा फरक दिला, वेळ छापण्याची विनंती केली, भाषा सौम्य ठेवली. पत्र नवव्या दिवशी ‘वाचकांचे मनोगत’ या सदरात छापून आले, त्याबद्दल आभार. ते निम्म्याने कापले होते, त्यालाही हरकत नाही. मात्र सेकंदाला ११,५७४ घनफूट याचे छापताना १,५७४ झाले होते, आणि खाली माझे नाव होते. दोन दिवस ओळखीचे लोक मला रस्त्यात थांबवून माझा हिशेब चुकल्याचे सांगत होते. एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी तर घरी येऊन गुणाकार करून दाखवला.

तेव्हा, हे दैनिक घ्यावे की नाही? नाटक, निधनवार्ता आणि वीज बंदची सूचना यांसाठी घ्यायला हरकत नाही. रोजच्या पाच रुपयांत तेवढे वसूल होते. भाव पाहायचा असेल तर बाजार समितीचा फलक पाहावा, आणि कोयनेचा विसर्ग जलसंपदा विभागाच्या पत्रकातून घ्यावा. पातळीसाठी मी स्वतः चालत आयर्विन पुलावर जातो. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलापाशी रंगवलेली मोजपट्टी आहे, तिच्यावर फूट आहेत आणि टिंब नाही. चढत्या पाण्यात तेथे रात्री अकरालाही माणसे उभी असतात, विजेरीचा झोत पट्टीवर टाकून आकडा मोठ्याने सांगतात, आणि एकाने सांगितलेला आकडा दुसरा लगेच पडताळून पाहतो.

परवा वितरक वर्षाच्या वर्गणीसाठी आला होता. यंदाच्या योजनेत स्टीलची बादली आहे. मी त्याला तीन महिन्यांचेच पैसे दिले, जून ते ऑगस्ट. बादली मिळणार नाही, असे तो म्हणाला.